ज्याला बसता येत नाही

करंगवुनी, २१ जुलै

बापाक,

फोन तुम्ही उचलत नाही. वहिनी उचलते आणि 'बाबा झोपलेत' म्हणते, आणि मागून तुमचा खोकला ऐकू येतो. झोपेत इतकं ठणठणीत कुणी खोकत नाही. म्हणून पत्र लिहायला घेतलं. माझं अक्षर तुम्हीच वळवलेलं आहे, तेव्हा निदान चुका काढायला तरी वाचाल.

सेमारंगला दादाकडे निघताना तुम्ही म्हणालात, "शाळेचं काय करायचं ते कर, मला सांगू नकोस." मी सांगणार आहे. ज्या शाळेचे तुम्ही इतकी वर्षं मुख्याध्यापक होतात, तिच्यातल्या एका वर्गात काय चाललंय हे तुम्हाला म्बाह पार्मीच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या हातून कळलेलं बरं.

तर तिसरीच्या वर्गातली बाकं मी काढली, हे खरं. आता खोलीच्या एका अंगाला चटई आहे, तिच्यावर बुटकी टेबलं. मुलं मांडी घालून बसतात. मधे काही तिवया आहेत, उचलून कुठेही न्याव्यात अशा. गणिताला चौघं एकत्र येतात, निबंधाला आपापल्या कोपऱ्यात जातात. आणि खिडकीशी एक लांबलचक उंच टेबल, ज्याच्याशी उभं राहायचं. सकाळी आल्यावर ज्याने त्याने आपली जागा निवडायची. पहिला आठवडा वर्ग म्हणजे मासळीबाजार होता, हे कबूल करते. उंच टेबलासाठी मारामाऱ्या झाल्या, एकाचा दात हलला. आता शांतता आहे. म्हणजे तुमच्यासारखी शांतता नाही, पण कामाची आहे.

टेबलं कुठून आली ते विचारू नका. जुनी बाकं मागच्या कोठीत नीट रचून ठेवली आहेत, त्यांची काळजी नसावी.

तिनुक आठवते ना? म्बाह पार्मीची नात. आईबाप मलेशियात, पोर आजीकडे. गेल्या वर्षी तिसरीतच राहिली, यंदा पुन्हा माझ्यापुढे. तिच्या आजीला तुम्ही तुमचं ते वाक्य ऐकवलं होतंत, जे अख्ख्या गावाला पाठ आहे: ज्याला बसता येत नाही, त्याला शिकता येत नाही. बाकावरून ती घसरायची, उठायची, पेन्सिल पाडायची, ती आणायला म्हणून वर्गभर फिरून यायची.

मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. ओसरीत पोरगी मांडी घालून बसलेली, सागाची फळी पायाने दाबून धरलेली, हातात छिन्नी. फळीवर वेल कोरत होती. दुपारची बसली ती संध्याकाळच्या मगरिबच्या अजानपर्यंत हलली नाही. म्हणजे तिला बसता येतं, बापाक. तिला तुमच्या बाकावर बसता येत नाही.

आता ती उंच टेबलाशी उभी राहून वाचते. या पायावरून त्या पायावर झुलत असते आणि बोट ओळीवर. बाकावर पाय जागच्या जागी असायचे आणि नजर खिडकीबाहेर. अजून अडखळते, पण ओळ सोडून जात नाही. आजीने बजावून ठेवलंय, सहामाहीपर्यंत वाचता आलं नाही तर शाळा बंद, सरळ कारखान्यात पॉलिशकागद घेऊन लाकूड घासायला. त्या कारखान्यातून शाळेत परत आलेली एकही मुलगी मी पाहिलेली नाही. तुम्ही पाहिली आहे का?

तुमची,
निंग


१९ ऑगस्ट

बापाक,

उत्तर नाही. ठीक आहे.

परवाच्या झेंडावंदनाला तुमची खुर्ची पहिल्या रांगेत मांडली होती. रिकामीच राहिली. तिच्यावर शेवटी कुणीतरी बिस्किटांचा डबा ठेवला.

एक घोळ झालाय. मुख्याध्यापिका बू एन्दांग वर्ग बघायला आल्या. मी उत्साहाच्या भरात म्हटलं, "या ना, मुलांबरोबर चटईवर बसा." त्या बसल्या. बसल्यावर माझ्या लक्षात आलं की उंच टेबलाशी चौघं पोरं उभी आहेत आणि बरोबर त्यांच्या पायांशी बू एन्दांग. एकाने वरून वाकून विचारलंही, "बू, तुमची पेन्सिल पडली का?" त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "बू निंग, गणित शिकवा, भाषा शिकवा. थोरांच्या डोक्यावर उभं राहायला कशाला शिकवता?"

मला हे सुचायला नको होतं का? आजोबा पडवीत चटईवर बसले की तुम्ही चहाचा पेला हातात धरून खुर्चीवरून खाली यायचात. मुख्याध्यापक असलात तरी यायचात. मी ते बघतच वाढले, आणि वर्गात मात्र फूटपट्टी घेऊन टेबलांची उंची मोजत बसले. सगळ्या उंच्या मोजल्या, फक्त माणसांची विसरले.

आता नियम केलाय. कुणी थोर माणूस खाली बसलं की सगळ्यांनी खाली यायचं. बू एन्दांगचं समाधान झालं. तिनुकचं मात्र वाटोळं झालं. पाहुणा आला, तो बसला, ती खाली आली, की वाचन बंद. जिभेला कुलूप लागल्यासारखं होतं तिचं. आणि आजकाल पाहुणे फार येतात. गावात दुसरी करमणूक नाही.

गुडघ्यांना तेल लावता का? डॉक्टरांनी मांडी घालायची नाही म्हणून सांगितलंय, ते ऐका तरी.

निंग


१३ सप्टेंबर

बापाक,

हे तुमच्या कानावर एव्हाना गेलंच असेल. आणि हसला असाल.

चटईवर फरशी गार लागते म्हणून मी घराघरांतून जुन्या उशा मागून आणल्या. कापसाच्या, मऊ. मुलं खूश. आई असती तर तिने मला तिथल्या तिथे चिमटा काढला असता. उशीवर बसलं की गळू होतं, हे तिने लहानपणी मला इतक्यांदा सांगितलंय की आजही मी घरी उशीवर बसत नाही. पण शाळेत शिरलं की मला आपण फार शहाण्या झाल्यासारखं वाटतं, त्याला काय करायचं?

वर्गातल्या वाहोनोला गळू झालं. कुठे झालं हे विचारायची गरज नाही. नेमकं तिथेच.

दुसऱ्या दिवशी म्बाह पार्मी चार बायका घेऊन वर्गाच्या दारात.

"काय गं बाई, डोकं टेकायच्या उशीवर पोरांची बुडं टेकवलीस?"

"म्बाह, गळू उशीने होत नाही. घामाने होतं, मळाने होतं."

"घाम काय यंदाच सुटला होय पोरांना? उशा यायच्या आधी का नाही झालं?"

मागच्या बायका हसल्या. मीही हसले असते, पण म्हातारी हसत नव्हती. ती आत आली, चटईवर बसलेल्या मुलांकडे बघत राहिली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्या म्हाताऱ्याने खाली बसून लाकूड कोरलं. माझ्या पोराने खाली बसून कोरलं. कंबर मोडली दोघांची. तुझ्या बापाने बाकं करून घेतली तेव्हा मी स्वतः त्यांना रंधा मारलाय. नातीला बाकावर बसलेली बघायची होती मला. खालीच बसवायची, तर आमची ओसरी काय वाईट होती?"

याला उत्तर आहे, पण ते पुस्तकातलं आहे.

उशा परत केल्या. त्यांच्या जागी नारळाच्या काथ्याच्या गोल बैठका शिवल्या. वाहोनोचं गळू बरं झालं. तो तसाही चटईवर क्वचितच बसतो. त्याला बाकच आवडतं, ताठ, पाठ टेकून. म्हणून त्याच्यासाठी एक बाक मी तसंच ठेवलंय. तुमच्या खोलीसमोरचं, दाराजवळचं. ज्याला बाक हवं त्याला बाक मिळायला हवंच ना?

पण म्बाह पार्मी तक्रार करून आलीय. तालुक्याचे निरीक्षक पाक हर्तोयो पुढच्या महिन्यात वर्ग बघायला येणार आहेत. त्यांनी नको म्हटलं की रांगा परत. आणि आजीने सहामाहीची वाट न बघता ठरवून टाकलंय. निरीक्षकांपुढे पोरगीने एक पान वाचलं तर शाळा, नाही तर दुसऱ्या दिवसापासून कारखाना.

तिनुकला हे माहीत आहे. काल तिने मला विचारलं, "बू, निरीक्षक खाली बसतात का?"

निंग


७ ऑक्टोबर

बापाक,

आज खोटं बोलायला जागा उरली नाही, म्हणून लिहिते.

निरीक्षक गुरुवारी येणार. बू एन्दांग घाबरल्या आहेत. म्हणाल्या, "वाद नको, बू निंग. एका दिवसापुरती कोठीतली बाकं काढा, ओळीत मांडा. ते गेले की तुमचं तुम्ही बघा." आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

कोठीत बाकं नाहीत.

ती मी कार्जो सुताराच्या करवतीवर नेली. बुटकी टेबलं त्यांचीच. तिवया त्यांच्याच. खिडकीशी जे उंच टेबल आहे त्याची फळी म्हणजे तुमच्या बाकांचे माथे, शेजारी शेजारी जोडलेले. नवीन टेबलं घ्यायला शाळेकडे काही नव्हतं आणि तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. म्हणून नाही विचारलं. तुम्ही गावाकडून श्रमदान करून घेतलेली, स्वतः उन्हात उभं राहून पॉलिश केलेली बाकं मी कापली. पहिलं बाक करवतीखाली गेलं तेव्हा मी कार्जोला थांबवलं होतं. थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले. मग आत येऊन म्हटलं, चालू दे.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पुन्हा कापेन का? कापेन. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही तुमच्याकडूनच आलंय.

आता दुसरी गोष्ट. म्बाह पार्मी विहिरीवर सांगत होती की तिने तुम्हाला फोन केला आणि गुरुवारी तुम्ही येणार आहात. निरीक्षकांसमोर बोलायला. "बापच आता पोरीला वळणावर आणेल," म्हणाली.

तिचा फोन तुम्ही उचललात.

हे पत्र दादाच्या ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर पाठवते आहे, म्हणजे निघायच्या आधी तुमच्या हातात पडेल. तुम्ही या, बापाक. त्यांच्या बाजूने बोलायचं असेल तर बोला. फक्त तिनुकचं वाचून होईपर्यंत थांबा, मग बोला. एवढंच मागते.

लहानपणी मी कितीही मोठी चूक केली तरी रागावून झाल्यावर तुम्ही मला 'न्दुक' म्हणायचात. आई गेल्यापासून मला लेक म्हणून हाक मारणारं दुसरं कुणी नाही. आणि बाकं हलवली त्या दिवसापासून तुम्हीही मारलेली नाही.

निंग


१२ ऑक्टोबर

बापाक,

गुरुवारी तुम्ही होतातच, मग लिहायचं कशाला, असं म्हणाल. पण तुम्ही खाली होतात. वर काय चाललं होतं ते तुम्हाला दिसलं नसणार. शिवाय तुम्ही यायच्या आधीचंही सांगायचं आहे.

पाक हर्तोयोंसाठी खुर्ची मांडली होती. शेजारी ते एक न कापलेलं बाक, तुमच्यासाठी, ओल्या फडक्याने पुसून. मी बाकं काढली नाहीत म्हणून बू एन्दांगनी सकाळी येऊन बुटकी टेबलंच ओळीत लावून टाकली होती. दिसायला ती इतकी केविलवाणी दिसत होती की निरीक्षकांनी पहिलाच प्रश्न केला, "ही काय बाहुल्यांची शाळा आहे?"

मग म्हणाले, "ती वाचायची मुलगी कुठे बसते?"

"ती उभी राहते, साहेब."

"का? शिक्षा केलीय?"

म्बाह पार्मी दारातून म्हणाली, "शिक्षाच म्हणायची."

निरीक्षक खुर्चीत, तिनुक उंच टेबलाशी, पुस्तक उघडलेलं. खुर्चीवाला माणूस तिच्या खांद्याएवढा येत होता, म्हणून आपलं डोकं त्यांच्या वर जाऊ नये अशी ती गुडघे वाकवून उभी होती. तसं उभं राहून कुणाला वाचता येतं? "ब... बद..." आणि थांबली. पाय हलेनात. आजीने पदर आवळला. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात तुम्ही आलात. माझ्याकडे बघितलं नाहीत. तुम्ही बाकाकडे निघालात असं सगळ्यांना वाटलं, आणि तुम्ही बाकाला वळसा घालून गेलात. उंच टेबलाच्या फळीवर तळहात फिरवलात. मग कडेखाली बोटं घातलीत, जिथे जुन्या खुंट्यांची भोकं बुजवलेली आहेत. तुमची बोटं तिथे थांबली. वर्गात कुणालाच काही कळलं नव्हतं. फक्त आपल्या दोघांना.

आणि मग तुम्ही खाली बसलात. एक हात टेबलाच्या पायावर, एक जमिनीवर, डॉक्टरांनी बजावलेले ते दोन्ही गुडघे कडकड वाजवत.

इथून पुढचं तुम्हाला दिसलं नसेल. पाक हर्तोयो खुर्चीत चुळबुळायला लागले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. तुमच्या हाताखाली शिकलेला माणूस तो. तुमच्या डोक्यावर खुर्चीत कसा बसून राहणार? इस्त्रीची पँट सांभाळत उतरले आणि वाहोनोच्या शेजारी काथ्याच्या बैठकीवर बसले. त्यांच्यामागे बू एन्दांग. दारातल्या बायका उंबऱ्याशीच उकिडव्या झाल्या. मुलं तर नियमाप्रमाणे केव्हाच खाली आली होती. आणि तिनुकही. पुस्तक छातीशी धरून ती माझ्या पायांशी बसली होती, आणि माझाच नियम मला बोचत होता.

"तू वाचतेस कुठे?" तुम्ही तिला विचारलंत.

तिने बोटाने वर दाखवलं.

"मग इथे काय करतेस? जा."

"तुम्ही खाली बसलाय, म्बाह," आजोबांना म्हणावं तसं ती म्हणाली.

"मला माहितीय मी कुठे बसलोय. जा. मी खालूनच ऐकतो."

म्बाह पार्मी कळवळून म्हणाली, "अहो, थोरांच्या डोक्यावर पोरीची जात..."

"पार्मी," तुम्ही म्हणालात, "मला ऐकू दे."

ती उठली. आता खोलीत तीच एकटी उभी होती, सगळ्या थोरामोठ्यांच्या वर. तिने बोट पहिल्या शब्दावर घट्ट दाबून धरलं, ते तुम्हाला दिसलं नसेल. मला दिसलं. पहिली ओळ तिने दोनदा वाचली. दुसऱ्या ओळीला डावा पाय हलला. मग उजवा. मग झुलायला लागली आणि बदकांचा तो धडा चालू झाला, अडखळत, मागे येत, पुन्हा पुढे जात. 'तळ्याकाठी' या शब्दाला ती इतका वेळ थांबली की बू एन्दांगनी सांगायला तोंड उघडलं, आणि तुम्ही हात वर केलात. तिनुकने तो शब्द स्वतः काढला. पान संपलं तेव्हा तिने पुढचं उलटलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

म्बाह पार्मी तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. खाली बसल्यामुळे तिच्या डोळ्यांसमोर नातीचे पाय होते. त्या हलणाऱ्या पायांकडे बघत म्हातारी रडत होती, आवाज न करता.

पाक हर्तोयोंनी वर्षअखेरपर्यंत वर्ग आहे तसा ठेवायला सांगितलंय. "पण ओळीत नका मांडू," हेही म्हणाले, "ओळीत फार वाईट दिसतात." म्बाह पार्मी दुसऱ्या दिवशी नातीला स्वतः शाळेत सोडायला आली. म्हणाली, "उभी तर उभी. पण उशा आणल्यास तर बघ."

तुम्हाला उठवायला मी आणि निरीक्षक दोघं लागलो. माझा हात तुम्ही उठून झाल्यावरही सोडला नव्हतात. मी वाट बघत होते. बाकांबद्दल काहीतरी बोलाल, रागवाल. तुम्ही दाराशी पोहोचलात, चपला घातल्यात, आणि पाठमोरे असतानाच म्हणालात, "न्दुक, तिकडच्या टेबलाचा एक पाय डुगडुगतोय. बघून घे." आणि दादाच्या मोटरसायकलवर मागे बसून गेलात.

बापाक, शाळा सुटल्यावर मी एकेक टेबल हलवून पाहिलं. बुटकी, उंच, तिवयासुद्धा. तिनुक मदतीला होती. एकही डुगडुगत नाही.

कोणतं ते तुम्हीच येऊन दाखवा.

तुमची,
न्दुक